हायपो नसलेले फोटो : बडोद्याच्या गच्चीवरच्या नोंदी

२ मार्च, रविवार

पहिला वर्ग. फतेगंजमधल्या जुन्या बंगल्याची मागची खोली, खिडक्यांना काळं कापड, एक झिरोचा दिवा आणि आम्ही सातजण. शिकवणाऱ्या ताई मूळच्या प्रिंटमेकिंगच्या, फोटोकडे मागाहून वळलेल्या. सात रविवार वर्ग चालेल.

झाडांच्या रसावर उन्हाने फोटो छापायचे, हा विषय. या प्रकाराला अँथोटाइप म्हणतात. ग्रीकमध्ये अँथोस म्हणजे फूल. फुलं, पानं, फळं, कंद, कशाचाही रस काढून गाळायचा आणि कागदावर त्याचे दोन-तीन हात द्यायचे. कागद अंधारात वाळला की त्यावर एखादं पान किंवा पारदर्शक चित्र ठेवायचं आणि काच दाबून उन्हात ठेवायचं. ऊन लागेल तिथला रंग उडतो, झाकलेला राहतो. चांदीचे क्षार नकोत, डेव्हलपर नको.

मी का आले तेही लिहून ठेवते. बाबांचा रावपुऱ्यात स्टुडिओ होता. माझं लहानपण त्यांच्या डार्करूमच्या लाल दिव्याखाली गेलं. स्टुडिओ बंद झाला, बाबाही गेले. घरी उरल्या निगेटिव्हच्या चौदा डब्या आणि एक सागवानी प्रिंटिंग फ्रेम. तिची पाठ दोन भागांत उघडते. एक भाग दाबून धरला की दुसरा उचलून आतला कागद पाहता येतो आणि चित्र जागचं हलत नाही. आज ताईंनी ती फ्रेम हातात घेतली आणि बराच वेळ बिजागरीच बघत राहिल्या. अशी आता विकत मिळत नाही म्हणाल्या.

४ मार्च

घरी पहिला प्रयोग, हळद. दहा ग्रॅम हळद, पन्नास मिली स्पिरिट. बाहेरदेशीच्या कृतींमध्ये बिनदिक्कत व्होडका लिहिलेली असते. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे मी औषधांच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. त्याने काम उत्तम होतं. मात्र गॅसजवळ हे करायचं नाही, आणि खिडकी उघडी हवी. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये मिनिटभरात उतरतो. अर्ध्या तासाने कॉफीच्या फिल्टरमधून गाळलं. गाळ राहिला तर कागदावर ठिपके पडतात.

संध्याकाळी झिरोच्या दिव्यात दोन हात दिले. पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. रात्रभर कपाटात.

५ मार्च

मी विज्ञान शिकवते ती शाळा सकाळची, त्यामुळे अकरापासून ऊन माझंच. बाबांच्या डबीतली एक निगेटिव्ह निवडली होती. सहा बाय सहा सेंटीमीटरची, १२० फिल्मवरची. पाकिटावर बाबांच्या अक्षरात ‘कमाटीबाग, १९६८’. कठड्यावर बसलेली आत्या, वय १९, वेणी पुढे घेतलेली.

सव्वाअकरा ते पावणेतीन, साडेतीन तास. फ्रेम उघडली आणि कुठे चुकले ते तिथल्या तिथे कळलं. चेहरा गडद पिवळा, केस पांढरेशुभ्र. निगेटिव्हवरून बाबा निगेटिव्हच्या उलट, म्हणजे खरं चित्र काढत, कारण चांदीचा कागद उजेडाने काळा होतो. माझा कागद उजेडाने पांढरा होतो. म्हणून इथे पॉझिटिव्हवरून पॉझिटिव्ह निघतं आणि निगेटिव्हवरून निगेटिव्ह. वर्गात ऐकलं होतं, वहीत लिहिलंही होतं, तरी हात डबीकडेच गेला.

ही प्रिंट फेकली नाही. काळ्या पाकिटात घालून ‘चुकलेली, क्र. १’ लिहिलं.

९ मार्च, रविवार

आजचं सगळं लिहायला हवं.

बाबांचा सगळा अभिमान हायपोवर, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनावर होता. गिऱ्हाईक घाईवर आलं तरी फोटो हायपोतून वेळेआधी काढायचा नाही आणि त्यानंतर वाहत्या पाण्यात पुरता धुवायचा. ‘हायपो नीट झाला तर फोटो आपल्यामागे राहतो,’ असं म्हणत. वर्गात मी विचारलं, हळदीच्या प्रिंटला हायपोसारखं काय लावायचं? ताई म्हणाल्या, काहीच नाही. अँथोटाइप पक्का करता येत नाही. उजेडात ठेवला की उरलेला रंगही उडत जातो.

मन खट्टू झालं. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी ताठ बसले. हायपो या सोड्याच्या क्षारात चांदीचे क्षार विरघळतात हे १८१९ मध्ये शोधलं इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने. १८३९ मध्ये फोटोग्राफी जन्माला आली तेव्हा फोटो पक्का करण्यासाठी त्यानेच हायपो सुचवला. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्द फोटोसाठी पहिल्यांदा वापरले तेही त्यानेच. आणि १८४२ मध्ये वनस्पतींच्या रंगांवर सूर्यकिरणांचा काय परिणाम होतो यावर मोठा निबंध लिहिला तोही याच हर्शेलने. बागेतली फुलं कुटून, अल्कोहोलमध्ये रस काढून, कागदाला लावून त्याने पट्ट्याच्या पट्ट्या उन्हात ठेवल्या. बाबांच्या हायपोचा जनक आणि या पळपुट्या रंगांचा जनक एकच माणूस, आणि त्यालाही हे रंग पक्के करता आले नाहीत.

का आले नाहीत हे घरी येऊन स्वतःच्या शब्दांत मांडून पाहिलं. चांदीच्या फोटोत दोन पदार्थ असतात, उजेड लागून बदललेली चांदी आणि न बदललेला क्षार. हायपो दुसऱ्याला विरघळवून नेतो, पहिला राहतो. माझ्या कागदावर चित्र घडतं ते न बदललेल्या हळदीने. जी उडायची शिल्लक आहे तीच चित्र आहे. ती धुऊन काढली तर हातात कोरा कागद येतो.

ताईंनी त्याच काळातल्या मेरी सोमरव्हिल या शास्त्रज्ञ बाईचंही सांगितलं. तिने रोममध्ये राहून वनस्पतींच्या रसांवर हेच प्रयोग केले आणि १८४५ मध्ये हर्शेलला पत्र लिहिलं. ते पत्र रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात छापलं गेलं. त्या सोसायटीत बाईला सभासद व्हायला मात्र १९४५ साल उजाडावं लागलं. पत्र आणि सभासदत्व यांमध्ये बरोबर शंभर वर्षं. सातवीच्या मुलींना हे सांगणार आहे.

१५ मार्च

काल धुळेटी. खंडेराव मार्केटमधून केसुडो, म्हणजे आपला पळस, पिशवीभर आणला होता. पाण्यात उकळून नारंगी रंग काढला. कागदावर सुंदर दिसतो. उन्हात लावला आहे.

१६ मार्च, रविवार

पालक. जुडीभर पानं, पाण्याचा थेंबही न घालता वाटायची आणि मलमलमधून पिळायची. रस लगेच वापरायचा, कारण तासाभरात तो खाकी पडायला लागतो. झाकण ठेवून शिजवलेली पालेभाजी काळपट होते त्याचंच हे भावंड. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं, पानातल्या आम्लाने ते निघून जातं आणि हिरव्याचा शेवाळी होतो. भाजीत चिमूटभर सोडा घालणाऱ्या सगळ्या बायकांना हे ठाऊक आहे, नाव ठाऊक नसेल.

वेळ: ताईंचा अनुभव आपल्याकडच्या उन्हात चार दिवसांपासून पुढे. माझी सुरुवात आज, चाफ्याच्या पानाची सावली घेऊन.

२३ मार्च, रविवार

पालक सहा दिवसांनी उतरवला, रोज सुमारे पाच तासांचं ऊन. पानाच्या शिरा नाहीत, पण कडा वस्तऱ्याने कापल्यासारखी. पळसावर आठ दिवसांत नुसती चाहूल. तो राहू दे.

आज जास्वंद. आणि एक घोटाळा, ज्यातून मी सगळ्यात जास्त शिकले.

मी हौसेने महागडा, अॅसिड-फ्री म्हणून मिळणारा कागद नेला होता. जास्वंदीचा लालजांभळा रस त्यावर पडला आणि पाहता पाहता करडा-हिरवा झाला. शेजारच्या बेननी साध्या चित्रकलेच्या वहीचं पान वापरलं होतं, त्यांचा रंग जांभळाच राहिला. ब्रश एक, वाटी एक. ताईंनी लिंबाचा थेंब टाकायला सांगितला. माझ्या करड्या डागात गुलाबी फूल उमललं.

उत्तर साधं होतं. जास्वंदीचा रंग आम्लात गुलाबी, अल्कलीत हिरवट होतो. शाळेत दरवर्षी मीच तो दर्शक म्हणून दाखवते. आणि कागद वर्षानुवर्षं टिकावा म्हणून या महागड्या कागदात खडूची पूड, कॅल्शियम कार्बोनेट, मिसळलेली असते. म्हणजे टिकावासाठी घातलेल्या पदार्थानेच माझा रंग मारला. आता कुठलाही नवा कागद घेतला की आधी कोपऱ्यावर जास्वंदीचा थेंब. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

३० मार्च, पाडवा

आज वर्ग नाही. गुढी उतरवून संध्याकाळी दांडिया बाजारात आत्याकडे गेले. बोटं पिवळी होती, ती विचारायला लागली. मी हळदीचं सांगितलं तर हसली.

‘अगं, ह्यात नवीन काय? लग्नाच्या हळदीचे कपडे आई दोन दिवस उन्हात टाकायची. डाग आपोआप जायचा. आणि साबण लावला की आधी लाल व्हायचा. आठवतं ना?’

आठवतं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, सुकला की पुन्हा पिवळा. आणि उन्हाने जातो. माझ्या चार आठवड्यांच्या अभ्यासाची दोन्ही कलमं तिला पाठ होती.

मग ती कुंकवाकडे वळली. घरी कुंकू करायचे तेव्हा हळकुंडं लिंबाच्या रसात टाकणखार आणि तुरटी घालून भिजवायची, वाळवायची, लाल झाली की कुटायची. टाकणखार हा शब्द ऐकला आणि मी वही काढली. मागच्या रविवारी ताई म्हणाल्या होत्या की हळदीच्या प्रिंटवर बोरॅक्सचं पाणी मारलं तर पिवळ्याचा तांबूस तपकिरी होतो आणि चित्र उठून दिसतं. बोरॅक्स म्हणजे टाकणखार. हळदीला लाल करायची विद्या आमच्या माजघरात होती, कागदावर आणायचं तेवढं राहिलं होतं.

६ एप्रिल, रविवार

टाकणखार. एक चमचा, पेलाभर गरम पाणी, विरघळवून निववलं. हातमोजे घातले, भांडी वेगळी ठेवली, ती परत स्वयंपाकाला नाहीत.

आत्याच्या निगेटिव्हचं या वेळी स्कॅन केलं, उलटवलं आणि पारदर्शक ओएचपी शीटवर दोनदा छापून दोन शीट एकावर एक चिकटवल्या. एकीचा काळा पुरेसा काळा येत नाही, त्यातून ऊन झिरपतं. ऊन अडीच तास. फ्रेमची अर्धी पाठ उघडून दर अर्ध्या तासाला पाहिलं. फ्रेममधून काढल्यावर चित्र फिकं, लिंबाच्या सालीसारखं, चेहरा शोधावा लागत होता. मग स्प्रेने टाकणखाराचं पाणी मारलं.

दोन सेकंदांत वेणी आली. मग भुवया. मग कठड्यावरची बोटं. विटकरी लाल रंगात.

वर्गातले सगळे गोळा झाले. बेन म्हणाल्या, ‘आ तो कंकु छे.’ कुंकूच ते.

१३ एप्रिल, रविवार

हर्शेलने एक नियम लक्षात आणून दिला होता: रंग उडवणारे किरण बहुधा त्या रंगाच्या विरोधी रंगाचे असतात. पिवळ्याला निळे किरण मारतात. मला हे डोळ्यांनी बघायचं होतं. सातवीतल्या मुलांना उत्तरायणातले फाटके प्लॅस्टिकचे पतंग आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग.

हळदीच्या पट्टीवर चार चौकोन: निळा पतंग, लाल पतंग, पिवळा पतंग, एक उघडा. तीन तास. उघडा चौकोन पांढुरका, निळ्याखालचा जवळजवळ तितकाच. लाल आणि पिवळ्याखालची हळद जशीच्या तशी. पालकाची पट्टी पाच दिवस ठेवली, तिला हिरवा पतंगही जोडला. लाल आणि निळ्याखाली रंग उतरला, हिरव्याखाली सर्वांत कमी. हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड खातं, हिरवा परत पाठवतं, म्हणून तर पान हिरवं दिसतं. दिसणारा रंग हा नाकारलेला उजेड असतो हे वाक्य मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. पट्ट्या वर्गात फिरवल्या तेव्हा पहिल्यांदा कोणी पुन्हा प्रश्न विचारला नाही.

वर्गाहून परतताना मुद्दाम कलाभवनावरून आले. १८९० मध्ये सयाजीरावांच्या राज्यात रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी ते उभं केलं, आणि रंगाई हा तिथला महत्त्वाचा विषय होता. दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते इथे. रंग आणि फोटो एकाच आवारात शिकवणारं ते घर आज अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. बाबा मला सायकलवरून तिथून नेत तेव्हा इमारतीकडे बोट दाखवून फाळक्यांचं नाव घेत. गज्जरांचं नाव मला या वर्षी कळलं.

२० एप्रिल, रविवार

शेवटचा वर्ग, झाडाच्या पानावरच छापायचा. इथे रस काढायचा नाही, पानातलं हरितद्रव्यच उन्हाने उडवायचं. ताईंनी बिन्ह डान या व्हिएतनामी-अमेरिकन कलावंताची कामं पडद्यावर दाखवली. व्हिएतनाम युद्धातले चेहरे त्याने पानांवर उतरवले आहेत. ती पानं तो राळेत बंद करतो. एक सैनिक गवताच्या पात्यांमधून वर बघतोय. खोलीत पंख्याचाच आवाज होता.

मी हट्टाने वडाचं पान घेतलं. वटोदर म्हणजे वडाच्या उदरातलं, त्यावरून वडोदरा. पण वडाचं पान चामड्यासारखं, वर मेणाचा थर. दोन दिवस उन्हात भाजलं, कडेने तपकिरी झालं, चित्राचा मागमूस नाही. बेननी विड्याचं पान घेतलं, देठाला ओला कापूस, वर प्लॅस्टिकची पिशवी. खुडलेलं विड्याचं पान दिवसेंदिवस ताजं राहतं हे त्यांनी आधीच हेरलं होतं. त्यांच्या नातवाचं नाक आणि एक कान आला. गुळवेलीचं पान पातळ, हृदयाच्या आकाराचं, त्यावर ताईंचं चित्र सगळ्यांत स्वच्छ.

२७ एप्रिल

वर्ग संपले. पळस आज उतरवला. चित्र आहे, पण मला सांगावं लागतं कुठे आहे ते.

६ मे

काल संध्याकाळी अवकाळी पाऊस, वादळासकट. गच्चीवरच्या दोन फ्रेमपैकी एकीत पाणी गेलं. बिटाचा नऊ दिवसांचा कागद होता. काचेखाली रंग वाहून गेला आणि आज सकाळी वर पांढरी बुरशी. बाबांची फ्रेम जिन्यात होती, वाचली.

९ मे

रात्री झोप येईना तेव्हा सुचलं. निगेटिव्हचं निगेटिव्ह होतं म्हणून मी स्कॅन करून उलटवत बसले. पण वनस्पतीत उजेडाने काही उडतंच असं नाही. उजेडाने काही तयारही होतं! स्टार्च. प्रत्येक शाळेत होतो तो प्रयोग: कुंडीतलं रोप दोन दिवस अंधारात ठेवायचं, पानाला काळ्या कागदाची पट्टी लावायची, उन्हात ठेवायचं, पान उकळून स्पिरिटमध्ये पांढरं करायचं आणि वर आयोडीन. पट्टीखालचा भाग फिका, बाकीचा निळा-काळा. काळ्या पट्टीच्या जागी बाबांची निगेटिव्ह ठेवली तर? जिथे निगेटिव्ह पारदर्शक तिथे ऊन जाईल, स्टार्च होईल, आयोडीनने काळा होईल. म्हणजे केस काळे आणि चेहरा उजळ.

स्कॅन नको, प्रिंटर नको. थेट बाबांची फिल्म.

पहाटे चारला जास्वंदीची कुंडी कपड्यांच्या कपाटात ठेवली.

११ मे

फसलं. अकरा ते दोन उन्हात ठेवलं होतं. पारा चाळिशीच्या पुढे, काचेखाली पान अक्षरशः शिजलं. आयोडीन टाकल्यावर तपकिरी डागांपलीकडे काही नाही. भर उन्हात रोप आपली पर्णरंध्रं मिटून घेतं, पानात कर्बवायू जात नाही, मग स्टार्च कशाचा होणार? अँथोटाइपला जे ऊन अमृत, तेच जिवंत पानाला जड.

निगेटिव्हची मात्र काळजी घेतली होती. पान बाष्प सोडतं आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने मऊ पडतो, म्हणून मधे पातळ पारदर्शक शीट. फिल्म सुखरूप आहे.

कुंडी परत कपाटात.

१४ मे

सकाळी सात ते साडेनऊ, कोवळं ऊन. पान झाडावरच, खाली पुठ्ठा, वर शीट, निगेटिव्ह आणि पातळ काच, कडेने कपड्यांचे चिमटे. नऊनंतर कुंडी भिंतीच्या सावलीकडे सरकवली.

पान खुडलं, उकळत्या पाण्यात मिनिटभर. गॅस बंद. मग स्पिरिटची परीक्षानळी त्या गरम पाण्यात उभी केली. हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरत गेला आणि पान कागदी पांढरं, कडक झालं. कोमट पाण्यात मऊ केलं. बाबांचीच पांढरी एनॅमलची डिश काढली, कोपऱ्यात टवका उडालेली. तिच्यात पान पसरलं आणि पातळ केलेलं टिंक्चर आयोडीन ड्रॉपरने वरून सोडलं.

पहिले काही क्षण पान नुसतं पिवळट. मग खालच्या कोपऱ्यातून काळा चढायला लागला, वेणीच्या टोकाकडून वर. लहानपणी डेव्हलपरच्या डिशमध्ये असंच वर यायचं आणि बाबा चिमटा हातात घेऊन तोंडाने आकडे मोजायचे. मी आपोआप मोजायला लागले. चाळीसला डोळे दिसले. साठला ओठ. कमाटीबागेचा कठडा, मागचं झाड, आणि सगळ्यावरून जाणाऱ्या जास्वंदीच्या शिरा, मधली शीर बरोबर कपाळावरून.

बाबांनी ज्या फिल्मवर बोट लागू दिलं नव्हतं, तिच्यातून सत्तावन्न वर्षांनी ऊन गेलं आणि पानाने त्या उन्हाचा स्टार्च केला. मी डिश घेऊन जमिनीवर बसले. बराच वेळ उठले नाही.

१८ मे, रविवार

आत्याकडे तिन्ही घेऊन गेले: जास्वंदीचं पान, दोन काचांमध्ये; कुंकवाच्या रंगाची प्रिंट; आणि काळ्या पाकिटातली क्र. १. ती आणायची नव्हती, पाकीट सोबत आलं.

पान तिने उजेडाकडे धरून पाहिलं. ‘दादाने काढलेला,’ एवढंच म्हणाली. कुंकवाच्या प्रिंटवरून बोट फिरवलं. मग पाकीट उघडलं. पांढऱ्या केसांची, पिवळ्या चेहऱ्याची एकोणीस वर्षांची मुलगी. मी सांगायला लागले की ती चुकलेली आहे, उलटी आहे. तिने थांबवलं.

‘उलटी कशी? केस बघ माझे.’

आत्या आता शहात्तर वर्षांची आहे.

तिने तीच ठेवून घेतली. मी बजावलं: पाकिटात ठेव, कपाटात ठेव, कोणी आलं तरच काढ. हो म्हणाली.

२५ मे

आत्याच्या स्वयंपाकघरात, दिनदर्शिकेच्या शेजारी, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर क्र. १ सेलोटेपने लावलेली आहे. मी काही बोलण्याआधी ती म्हणाली, ‘कपाटात मला कशी दिसणार?’

परत आणायला हात पुढे केला होता. मागे घेतला. घरी येऊन वहीत रकाना आखला: तारीख, चेहऱ्याचा रंग, केस, कडा. तुलनेसाठी त्याच दिवशीचा उरलेला हळदीचा तुकडा माझ्याकडे अंधारात आहे.

३ जून

बडोदे २२.३ अंशांवर, कर्कवृत्ताच्या थोडं खाली. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. आज १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास गच्चीत उभी केलेली पाण्याची बाटली बिनसावलीची होती.

फ्रेम जमिनीवर सपाट ठेवली. मार्चमध्ये तिला विटेवर टेकवून दक्षिणेकडे कलती करावी लागायची. हळदीला आज एक तास वीस मिनिटं पुरली. मार्चमध्ये साडेतीन तास. वर्षातलं माझं सर्वांत चांगलं ऊन.

१ जूनची आत्याकडची नोंद: चेहरा फिकट लिंबू, केस आणि कपाळ यांतली सीमा पुसट, छापताना फ्रेमखाली झाकलेली कड गडद.

१५ जून, रविवार

आत्याकडची नोंद: डोळे ओळखू येतात ते मला ते कुठे आहेत हे माहीत आहे म्हणून. वेणीची जागा कागदाच्या रंगाची. तुलनेचा तुकडा शेजारी धरला तर तो अजून आंब्यासारखा पिवळा.

बाजारात जांभळं आली. पाव किलो घेतली, गर पिळून गाळला. साध्या वहीच्या कागदावर जांभळा, महागड्यावर निळसर करडा. आधी थेंब टाकून पाहिला होता.

१९ जून

पाऊस सुरू झाला. तीन दिवस ऊन नाही.

दुपारी आत्याचा फोन. ‘अगं, ती गेली आता. कडा तेवढी राहिली आहे, चौकट असते तशी. दुसरी कर.’ मी विचारलं, कुंकवाची देऊ का, ती जरा जास्त ठसठशीत आहे. नको म्हणाली. तशीच हवी, उलटीच.

रात्री झिरोच्या दिव्यात हळदीचे तीन कागद तयार केले. पहिला हात आडवा, दुसरा उभा. वाळले की काळ्या पाकिटात. निगेटिव्ह फ्रेममध्ये लावून ठेवली आहे, पाठ बंद, वर कापड. उद्या सकाळी शाळेतून आल्यावर आभाळ बघायचं.